फोल्डिंग वॉकर: दुकानात ठीक, उंबरठ्यावर काय?

खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरचं वयस्कर माणूस इस्पितळातून परत येतं, तेव्हा गाडीच्या डिकीत बहुतेक वेळा एक फोल्डिंग वॉकरही असतो. सर्जिकलच्या दुकानातून कुणीतरी घाईत उचललेला, प्लॅस्टिकच्या पिशवीतून अजून न काढलेला. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टची पहिल्या भेटीतली पंधरा-वीस मिनिटं या वॉकरवरच जातात, कारण आला तसा तो वापरण्याजोगा क्वचितच असतो.

हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या मालाचं नाही. अ‍ॅल्युमिनियमचा, चार पायांचा, मिटवता येणारा जो सांगाडा गोव्यातल्या कुठल्याही शहरात साधारण हजार-दोन हजार रुपयांत मिळतो, त्याचं आहे. निकाल आधीच सांगतो: वस्तू उत्तम आहे. पण विकताना तिच्यात तीन गोष्टी हमखास चुकतात, उंची, खालचं रबर आणि प्रकार. शिवाय गोव्याच्या जुन्या घरात उंबरठा नावाची चौथी अडचण आहेच. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं ८.६ टक्के होती, गोव्यात ११.२ टक्के. त्यातल्या कितीतरी घरांत मुलं परदेशी किंवा जहाजावर, आणि घरात दोघंच. म्हणजे वॉकर चुकला तर चूक लक्षात यायला शेजारी तिसरं माणूस नसतं.

आधी प्रकार. नुसतं 'वॉकर द्या' म्हटलं तर चार वेगळ्या वस्तू मिळू शकतात. पहिला साधा, चारही पायांना रबर असलेला, उचलून पुढे ठेवायचा. दुसऱ्याच्या पुढच्या दोन पायांना चाकं आणि मागच्या दोघांना रबर. तिसऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजू आळीपाळीने पुढे सरकतात. चौथा चार चाकांचा, ब्रेक आणि बसायची सीट असलेला. तिसऱ्या प्रकाराबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: खुब्याचं हाड मोडून आलेल्या माणसाला तो देऊ नये. त्याचा सांगाडा सांध्यात हलतो आणि वजन टाकताना तिरपा होतो. 'चालल्यासारखं चालतं' म्हणून तो दुकानात छान वाटतो, पण दुखऱ्या पायावरचं वजन ज्या क्षणी हातांवर घ्यायचं असतं नेमका त्याच क्षणी तो डुलतो. काही मॉडेलमध्ये खटका लावून तो स्थिर करता येतो. घरात असा आलाच असेल तर खटका लावा आणि त्यावर चिकटपट्टी मारा, नातवंडं फिरवतात. चार चाकांचा प्रकार सपाट बागेत फिरायला ठीक, पण उंबरठे असलेल्या घरात अंगावर वजन न घेता पळणारी ती गाडीच.

उरले दोन. पर्वरी, ताळगाव, मडगावच्या फ्लॅटमध्ये, जिथे हॉलपासून बेडरूमपर्यंत एकसलग लादी आहे, तिथे पुढे दोन चाकं असलेला घ्यावा. साधा वॉकर दोन-अडीच किलोचा असतो. वजन फार वाटत नाही, पण शंभर पावलं चालायचं म्हणजे तो शंभरदा उचलायचा. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेलं माणूस त्यानेच थकतं, पायाने नव्हे. चाकं बघताना व्यास बघा. पाच इंची चाक लादीच्या सांध्यावरून जातं, तीन इंची अडकतं. आणि पाय जमिनीला अजिबात टेकवायचा नाही असं सर्जनने सांगितलं असेल तर चाकांचा वॉकर नको. एका पायावर उडी मारताना तो पुढे पळतो. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा इथल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जुन्या घरांत, जिथे ओसरीवरून माजघरात आणि माजघरातून न्हाणीत जाताना दर वेळी काहीतरी ओलांडावं लागतं, तिथे बिनचाकांचा साधाच बरा.

आता उंची. वापरणाऱ्याला उभं करा, हात सैल सोडायला सांगा. वॉकरची मूठ मनगटाच्या वळीच्या रेषेत आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर १५ ते ३० अंशांत वाकलेलं दिसावं. माप घेताना पायात तेच हवं जे घरात असतं. आपल्याकडे बहुतेक आजी-आजोबा घरात अनवाणी, तर माप अनवाणीच घ्या. पाठीला बाक असेल तर 'ताठ उभ्या राहा' म्हणून माप घेऊ नका. त्या ज्या बाकात चालणार आहेत त्याच बाकात घ्या. वॉकर उंच राहिला की खांदे कानाकडे जातात आणि हातांवर वजन येतच नाही. बुटका राहिला की माणूस पुढे झुकतं आणि त्याची नजर पायांवरून हलत नाही. चारही पायांवर उंची बदलायच्या बटणाची भोकं साधारण एकेक इंचावर असतात. इथली ठरलेली चूक म्हणजे तीन पाय एका भोकात आणि चौथा पुढच्या. जुन्या घरातली जमीन मुळातच एकसारखी नसते, त्यामुळे डगमग जमिनीची आहे की पायाची हे कळत नाही. बटणाच्या खाली दिसणारी भोकं मोजा. चारही पायांवर आकडा सारखा आला पाहिजे. चाकांच्या वॉकरला मात्र हे मोजमाप लागू नाही, कारण चाकाची नळी वेगळ्या मापाची असते. तिथे बाजूला उभं राहून मूठ जमिनीला समांतर आहे का ते बघा.

बटण पूर्ण बाहेर आलं का, हे डोळ्याने नव्हे, बोटाने तपासा. अर्धवट अडकलेलं बटण पहिल्या दिवशी धरून राहतं आणि चौथ्या दिवशी वजनाखाली आत जातं. मिटवायच्या खटक्याचंही तेच. वॉकर उघडल्यावर दोन्ही बाजूंनी वेगवेगळा 'टक' आवाज यायला हवा. एकच आला तर एक बाजू लागलेली नाही, आणि ती आतल्या बाजूला कोसळते. दोन्ही मुठी धरून एकमेकींकडे दाबून बघणं हीच खरी चाचणी.

मग रबर. आमच्या मते या सगळ्या वस्तूचं मोल तळाच्या चार रबरांत आहे, आणि दुकानात त्यांकडेच कुणी बघत नाही. चांगल्या रबराच्या तळाला गोल गोल खाचा असतात, आत पोलादी चकती असते, आणि नखाने दाबलं तर ते थोडं दबतं. स्वस्त रबरात चकती नसते. मग नळीची कड आतून रबर कापत जाते, आणि बाहेरून धड दिसणारं रबर एक दिवस फुटून अ‍ॅल्युमिनियम थेट लादीवर येतं. काही वॉकरांना तर रबरासारखं दिसणारं कडक प्लॅस्टिकच लावलेलं असतं. ते सरळ काढून टाका. बदली रबर घेताना पायाच्या नळीचा बाहेरचा व्यास मोजून घ्या, 'वॉकरचं रबर' एवढं सांगून चालत नाही. सैल बसलेलं रबर उंबरठ्यावर निघून येतं. चारही एकदम बदला, एकच बदललं तर उंचीत फरक पडतो. दर आठवड्याला वॉकर उलटा करून खाचा बघायच्या. एकाच बाजूने झिजत असतील तर वॉकर तिरपा टेकवला जातोय.

रबराचे शत्रू घरातच असतात. सकाळची रांगोळी हा त्यातला एक. दारातली रांगोळीची पूड रबराखाली आली की ओल्या साबणासारखी घसरण होते. रांगोळी बंद करा असं कुणी म्हणणार नाही, पण वॉकरच्या वाटेपासून हातभर बाजूला काढता येते. दुसरा शत्रू तेल. फिजिओ येणार म्हणून आधी गुडघ्याला खोबरेल चोळून ठेवायची पद्धत अनेक घरांत आहे. ते तेल तळव्याला लागतं, हाताला लागतं आणि हातावरून मुठीवर जातं. तेल लावायचंच तर व्यायाम आणि चालणं झाल्यावर लावा. तिसरा शत्रू शेवाळ, त्याच्यापुढे कुठलंही रबर टिकत नाही. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या चार महिन्यांत चिऱ्याच्या पायऱ्या आणि तुळशीभोवतीचं अंगण हिरवं होतं. ब्लीचिंग पावडर टाकून काथ्याने घासलं नसेल तर वॉकर घेऊन अंगणात उतरू नये, एवढंच.

मूठ निवडताना मऊ स्पंजची निवडू नका. हाताला ती छान वाटते, पण घाम शोषते आणि पावसाळ्यात तिला बुरशी येते. रबराची किंवा पीव्हीसीची खडबडीत मूठ पुसता येते. मूठ नळीवर गोल फिरत असेल तर वॉकर परत करा.

चालायची रीत सोपी आहे, पण क्रम मोडला की वॉकर उपयोगाऐवजी अडथळा होतो. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग बरा पाय. वॉकर एका वितीपेक्षा फार पुढे टाकायचा नाही. चारही रबरं एकदम टेकली की एकच आवाज येतो. 'टक-टक' असे दोन आवाज येत असतील तर पुढचे पाय आधी टेकताहेत, म्हणजे वॉकर फार लांब टाकला जातोय. शेजारच्या खोलीतून ऐकूनसुद्धा हे ओळखता येतं. पाऊल सांगाड्याच्या मध्यापर्यंतच न्यायचं. पुढच्या आडव्या दांड्याला चवडे टेकले की माणूस मागे पडू शकतं. वळताना बऱ्या पायाच्या बाजूने, छोट्या छोट्या पावलांनी वळायचं. एका पायावर गिरकी घेऊन नाही.

उठताना वॉकर धरून स्वतःला ओढायचं नाही, तो उलटतो. हात खुर्चीच्या हातांवर ठेवून दाबून उठायचं, उभं राहिल्यावर एकेक हात वॉकरवर आणायचा. बसताना पोटऱ्यांना खुर्ची लागेपर्यंत मागे यायचं आणि एकेक हात मागे न्यायचा. प्लॅस्टिकची खुर्ची हलकी असते, दाबली की मागे सरकते. तिची पाठ भिंतीला लावून ठेवा. ओसरीवरची आरामखुर्ची बघायला सुंदर, पण खोल आणि तिरकी, तीतून वॉकरवाल्या माणसाला उठता येत नाही. खुबा बदललेला असेल आणि सर्जनने ९० अंशांपलीकडे वाकू नका म्हटलं असेल तर ती काही महिने पाहुण्यांसाठीच ठेवा. बैठक साधारण दीड फूट उंच हवी.

आता उंबरठा. जुन्या घरात तो लाकडी, चार ते सहा इंच उंच असतो, आणि त्याची पूजा होत असल्यामुळे कापायचा विषय काढायचीही सोय नसते. तिथे बहुतेक जण वॉकर उचलून पूर्ण पलीकडे ठेवतात आणि मग त्याला गाठायला पुढे झुकतात. पडायची खरी जागा तीच. दोन्हीकडची जमीन एका पातळीत असेल तर वॉकर उंबरठ्यावर घोड्यासारखा उभा करता येतो: पुढचे दोन पाय पलीकडे, मागचे दोन अलीकडे, उंबरठा मध्ये. बाजूचा आडवा दांडा उंबरठ्याच्या वर राहतो ना, हे आधी बघून ठेवा. असा उभा केला की शरीर सांगाड्याच्या आतच राहतं. मग हातांवर वजन घेऊन दुखरा पाय पलीकडे, मागून बरा पाय, आणि त्यानंतर वॉकर उचलून मागचे दोन पाय पलीकडे. साडीच्या निऱ्या नेमक्या इथेच अडकतात. घोट्याच्या वर राहील असा गाऊन बरा. (नऊवारी नेसणाऱ्या आजींना ही अडचण कमीच.)

पातळीत फरक असेल तर ही युक्ती चालत नाही, वॉकर तिरपा होतो. मग उतार करायचा. पण सुताराने ठोकून दिलेला फूटभर लांबीचा लाकडी पाचर म्हणजे उतार नव्हे. प्रमाण १ ला १२. सहा इंच चढायला सहा फूट उतार लागतो. तेवढी जागा नसेल तर चौकटीला उभा धरायचा दांडा लावणं जास्त शहाणपणाचं. ओसरीच्या पायऱ्यांना तर कठडाच लागतो. साधा वॉकर जिन्यासाठी नाही, कुणी यूट्यूबवर दाखवलं असलं तरी. कठडा एका हातात आणि दुसऱ्या बाजूला माणूस. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

न्हाणीचं दार हा वेगळाच त्रास. जुन्या घरात ते दोन फुटांचं असतं, आणि वॉकर मागच्या पायांशी जवळजवळ तेवढाच रुंद. विकत घ्यायच्या आधी दाराची मोकळी रुंदी टेपने मोजा, चौकटीची नव्हे, दार उघडल्यावर उरणाऱ्या जागेची. वॉकर आत जात नसेल तर आडवं होऊन बाजूबाजूने सरकायचं, किंवा दार काढून पडदा लावायचा. दुसरा उपाय स्वस्त आणि चांगला. आत धरायचा दांडा बसवताना भिंत कशाची ते विचारा. चिरा सच्छिद्र असतो, त्यात साधा प्लॅस्टिकचा प्लग आणि स्क्रू वजन पेलत नाही. आरपार बोल्ट घेऊन मागे पट्टी लावावी लागते. टॉवेलचा दांडा हा धरायचा दांडा नव्हे, हे प्रत्येक घरात एकदा तरी सांगावं लागतं.

रात्रीची फेरी सर्वांत धोक्याची. मच्छरदाणीची कड वॉकरच्या पायात येते, म्हणून उतरायच्या बाजूची जाळी आधी वर खोचायची. पलंगावरून उठून लगेच चालायचं नाही, दोन मिनिटं कडेला बसायचं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर चक्करचं कारण पाय नसून दाब आहे, आणि तो विषय डॉक्टरांकडे न्यायचा. पावसात वीज जातेच. मुठींच्या खाली पांढरी चिकटपट्टी गुंडाळली की टॉर्चच्या उजेडात वॉकर चटकन सापडतो.

काही जणांसाठी ही वस्तूच चुकीची. अर्धांगवायूने एक हात गेला असेल तर दोन हातांचा वॉकर उचलताच येत नाही. तिथे चार टोकांची काठी किंवा एका हाताचा वॉकर. पार्किन्सनच्या माणसाला उचलून ठेवायचा वॉकर दिला तर प्रत्येक उचलण्याला चालण्याची लय तुटते आणि पाय जमिनीला चिकटतात. स्मृतिभ्रंशात 'आधी हा, मग तो' हा क्रम लक्षात राहत नाही, त्यापेक्षा ढकलायची चाकं बरी.

मदतनीस बाई असेल तर तिला पहिली गोष्ट शिकवा: पुढे उभं राहून वॉकर ओढायचा नाही. जागा दुखऱ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. एक हात चालणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्यावर. काखेत हात घालून उचलू नये, खांदा दुखावतो. वॉकरच्या पुढच्या दांड्यावर कापडी पिशवी अडकवता येते, त्यात मोबाईल, चष्मा, पाण्याची लहान बाटली. नारळ नको, भार पुढे गेला की वॉकर पुढे कलंडतो.

किनाऱ्याजवळच्या घरात, कळंगुट-हणजुणपासून काणकोणपर्यंत, खारा वारा या वस्तूला लवकर म्हातारं करतो. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते, ती पुसली की झालं. खरं नुकसान पोलादी भागांचं होतं: बटणामागची स्प्रिंग, चाकाचा बोल्ट, खटक्याचे स्क्रू. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा, आणि बटणांना महिन्यातून एक थेंब शिलाई मशीनचं तेल. खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. उंची बदलायची नसली तरी बटण अधूनमधून दाबून सोडा, नाहीतर सहा महिन्यांनी ते जागीच गंजतं.

वॉकर सोडायचा कधी, हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या भेटीत येतोच. घरच्यांना घाई असते, चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की तर फारच. साधी मोजणी अशी: हाताची खुर्ची, समोर तीन मीटरवर चिकटपट्टी. उठायचं, नेहमीच्या गतीने पट्टीपर्यंत जायचं, वळून परत येऊन बसायचं. ही चाचणी १९९१ पासून जगभर वापरात आहे, आणि १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. आकड्याशेजारी वॉकर होता की काठी हे लिहून ठेवा, नाहीतर तुलना फुकट. वेळ कमी झाली, वळताना तोल गेला नाही आणि सर्जनने पूर्ण वजनाला हरकत घेतली नाही, तर काठी. काठी बऱ्या बाजूच्या हातात, दुखऱ्या नव्हे. आणि चवथीत जमिनीवर चटईवर बसायचा आग्रह कुणीही करू नये, माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या छताखाली) खुर्ची मांडता येते.

शेवटी उसना वॉकर. एका घरातलं काम झालं की तो वाड्यावरच्या दुसऱ्या घरात जातो, हे फार चांगलं. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतही गरीब ज्येष्ठांना वॉकर मोफत मिळतो. पण उसना आला म्हणून जुन्या माणसाच्या उंचीवर तसाच वापरू नका. रबरं नवी घाला, सगळी बटणं-खटके बोटाने तपासा. एखादं बटण हातोडीने बसवावं लागत असेल तर तो वॉकर भंगारात द्या. देणाऱ्यानेही जाण्याआधी नळीचा व्यास चिकटपट्टीवर लिहून आडव्या दांड्यावर लावून ठेवला, तर घेणाऱ्याची रबरासाठीची एक खेप वाचते.